हनुभग्न आणि दंताभिघात : सहा आठवड्यांनंतरचा विचार

भग्नचिकित्सेचा विषय निघाला की आपल्या मनात प्रथम हातापायांची नलकास्थी येतात. मनगट, नडगी, खुबा यांवर आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळ बोलले जाते. जबड्याचे हाड मोडले, दात हलले किंवा पडले, की रुग्णाला दंतशल्यविशारदांच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. आत्ययिक अवस्थेपुरते हे योग्यच आहे. मोडलेला जबडा जागेवर बसविणे, तारांनी किंवा प्लेटने तो स्थिर करणे हे सामान्य आयुर्वेद व्यवसायीच्या चिकित्सालयात व्हावयाचे कर्म नव्हे. परंतु तारा निघाल्यावर, टाके सुकल्यावर पुढची पाच-दहा वर्षे हा रुग्ण कोणाकडे जातो, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो आपल्याकडे येतो. आणि येतो तेव्हा जबड्याचे नावही काढत नाही. कानात दडे बसतात, कानशिले ठणकतात, पोळी चावताना दमायला होते, पोट साफ होत नाही, अशा त्याच्या तक्रारी असतात. केवळ नाडी आणि जिव्हा पाहून अग्निमांद्याची चिकित्सा सुरू झाली, तर मूळ कारण हनुसंधीत तसेच राहून जाते.

बदलापूर गावातून आणि बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांतून आमच्याकडे जे रुग्ण येतात, त्यांच्यात या अभिघाताची कारणे बहुधा ठरलेली असतात. कल्याण-कर्जत रस्त्यावर दुचाकीवरून पडणे, लोकलमध्ये चढता-उतरताना तोल जाणे, पावसाळ्यात कोंडेश्वरच्या धबधब्यावर शेवाळलेल्या खडकावरून घसरणे, कबड्डीत समोरच्याचे कोपर बसणे, जांभळाच्या झाडावरून पडणे. जांभूळ हे बदलापूरचे वैभव खरे, पण त्याची फांदी ठिसूळ. ती वजन पेलील असे वाटते आणि पेलत नाही. याखेरीज आणखी एक कारण आहे, ते म्हणजे गोपाळकाला.

दहीहंडीच्या थरावरून पडणारा गोविंदा हात पुढे करून पडतोच असे नाही. हात दुसऱ्याच्या खांद्यात गुंतलेले असतात, आणि हनुवटी थेट जमिनीवर किंवा खालच्या गड्याच्या डोक्यावर आपटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये थरांची उंची २० फुटांपर्यंत आणि गोविंदांचे वय किमान १८ वर्षे असे बंधन घातले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शिथिल करण्यास नकार दिला. २०१७ मध्ये उंचीचे बंधन उठले आणि वयाची मर्यादा १४ वर्षांवर आली. मोठ्या मंडळांच्या हंड्यांवर या नियमांचे थोडेफार लक्ष असते. आळीतल्या हंडीला वय कोण विचारतो? सर्वांत वरच्या थरावर वजनाने हलके म्हणून लहान पोरच चढविले जाते, आणि हनुसंधीच्या दृष्टीने तेच सर्वांत अधिक धोक्यात असते. याचा विचार पुढे येईल.

शास्त्रातील आधार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार सांगितले असून दातांना रुचक म्हटले आहे. निदानस्थानात भग्नाचा विचार करताना प्रत्येक प्रकाराची मोडण्याची रीत निराळी सांगितली आहे. तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात, कपालास्थी भेगाळतात आणि रुचक म्हणजे दात फुटतात, तडकतात. हे निरीक्षण व्यवहारात फार उपयोगी आहे. तडकलेला दात दिसावयास अखंड असतो, थंड पाणी लागले की शिणशिणतो, एका विशिष्ट बाजूने चावले की कळ मारतो. दाताच्या बाहेरच्या कठीण कवचाला स्वतःची झीज भरून काढण्याची शक्ती नाही, म्हणून ती चीर कालांतराने वाढत जाते.

चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात हललेल्या दातांविषयी जे सांगितले आहे ते आपल्यापैकी अनेकांनी परीक्षेपुरते वाचले असेल. तरुण मनुष्याचा दात मोडलेला नसेल, पण हलला असेल आणि रक्त येत असेल, तर तो दाबून जागेवर बसवावा, बाहेरून शीत लेप द्यावा, शीत जलाने सिंचन करून संधानीय द्रव्यांनी उपचार करावा, आणि रुग्णाला कमळाच्या देठाच्या नळीतून दूध पाजावे. वृद्धाच्या हललेल्या दातासाठी हा खटाटोप करू नये. जागेवरून हललेला दात त्वरित मूळ स्थानी आणावा, चावण्याचा भार त्यावर पडू देऊ नये, आणि दाताभोवतीच्या ऊतींची भरून येण्याची शक्ती वयाप्रमाणे पाहावी, ही तीनही तत्त्वे आजचे दंतशास्त्र मान्य करते. फक्त एक सावधगिरी. दात पडून किंवा काढून जेथे खळगा राहिला आहे, तेथे पहिले काही दिवस नळीने ओढून पिणे टाळावे; रक्ताची गुठळी सुटून येते आणि हाड उघडे पडते. अशा वेळी चमचा बरा.

दात मुळासकट बाहेर पडला असेल तर काय करावे, हे प्रत्येक वैद्याला आणि गावातील प्रत्येक शाळेतील शिक्षकाला माहीत असावयास हवे. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, ते खरवडू नये. माती लागली असेल तर क्षणभर दुधाने किंवा वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावा आणि कायमचा दात असेल तर तेथल्या तेथे खोबणीत बसवून रुग्णाला स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरावयास सांगावे. तेवढे धैर्य होत नसेल तर दात दुधात बुडवून रुग्णासह दंतवैद्याकडे पोचावे. मुळावरील जिवंत पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात निकामी होतात. कुळगावात दंतवैद्य आहेत, म्हणजे बदलापूर गावातून हे अंतर काही मिनिटांचे आहे. उशीर होतो तो दात कागदात गुंडाळून खिशात ठेवण्यामुळे आणि ‘सूज उतरली की जाऊ’ या विचारामुळे. दुधाचा दात मात्र परत बसवावयाचा नसतो, कारण त्यामुळे खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोचते.

हनुसंधी सरकला असता चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत सांगितलेला विधी सर्वांना परिचित आहे. स्वेदन करून, उघड्या तोंडात दोन्ही अंगठ्यांनी जबडा खाली दाबावा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचलावी. आज जगभर सरकलेला जबडा बसविताना हातांची ठेवण जवळजवळ हीच असते. पण हा विधी निखळलेल्या सांध्यासाठी आहे. अभिघाताचा इतिहास असेल तर एक्स-रे पाहिल्यावाचून कोणीही जबड्याला हात घालू नये, कारण मोडलेल्या हाडावर हाच विधी केला तर भग्न अधिक विस्थापित होईल.

बंधनाविषयी सुश्रुतांनी हनुसंधीसाठी पंचांगी बंध सांगितला आहे, आणि सूत्रस्थानात हनु, शंख व गंड या स्थानी खट्वा तर हनुवटीस गोफणा सांगितला आहे. मे २००२ मध्ये अँटिग्वाच्या कसोटी सामन्यात अनिल कुंबळे यांचा जबडा चेंडू लागून मोडला. हनुवटीपासून डोक्यावर पट्टी बांधून त्यांनी सलग १४ षटके टाकली आणि ब्रायन लाराला बाद केले. ते छायाचित्र आमच्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. आमचे तरुण रुग्ण या प्रसंगाचा दाखला देतात आणि म्हणतात, ‘तो मोडक्या जबड्याने खेळला की!’ त्यांना आम्ही कथेचा उत्तरार्ध सांगतो. त्या पट्टीने जबड्याला तात्पुरता आधार दिला. नंतर कुंबळे बंगळुरूला परतले आणि शस्त्रकर्म करून घेतले. पंचांगी बंधाचे स्थानही आज तेच आहे. घटनास्थळापासून शल्यविशारदापर्यंतच्या प्रवासात जबडा स्थिर ठेवण्याचे ते उत्तम साधन आहे. रुग्ण बेशुद्ध असेल, उलटी होत असेल किंवा तोंडात रक्त साचत असेल तर मात्र तोंड घट्ट बांधू नये. शंख आणि मूर्धा या ठिकाणचे भग्न सुश्रुतांनी वर्ज्य मानले आहे. जबड्याच्या मागे लागून आलेल्या डोक्याच्या माराकडे आधी पाहावयाचे, हाच त्याचा आजचा अर्थ.

तीन बोटांची परीक्षा

भग्न जुळण्यास लागणारा काळ पहिल्या वयात एक मास, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट, असे सुश्रुतांचे मान आहे. खालच्या जबड्यासाठी आजचे शल्यविशारद प्रौढात साधारण चार ते सहा आठवडे सांगतात. या मुदतीत हाड जुळते. पण हाड जुळले म्हणजे जबडा बरा झाला असे नव्हे, आणि आमच्या या लेखाचे सारे प्रयोजन एवढ्याच मुद्द्यात आहे. कित्येक आठवडे बांधून ठेवलेल्या जबड्याचे स्नायू आखडतात, संधी ताठरतो. तोंड किती उघडते हे कोणी मोजले नाही, तर ते कमी उघडते हे रुग्णालाही कळत नाही. तो हळूहळू लहान घास घेऊ लागतो आणि तीच त्याची सवय होते.

मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. रुग्णाने आपल्याच हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका ही तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावी. तीन बोटे सहज गेली तर उघडीप पुरेशी. प्रौढात हे माप सुमारे ४० मिलिमीटर भरते. दोनच गेली तर सावध व्हावे. एकच गेले तर त्याच दिवशी पुढे पाठवावे. त्याबरोबर दोन्ही कानांच्या पुढे बोटे ठेवून रुग्णास तोंड उघडावयास व मिटावयास सांगावे. हनुवटी सरळ खाली न जाता एका बाजूस वळत असेल, तर ती ज्या बाजूस वळते त्या बाजूच्या संधीत बहुधा दोष असतो.

आमच्या पाहण्यातील एक रुग्ण येथे नोंदवितो. अकरा वर्षांचा मुलगा वजन वाढत नाही म्हणून आणला गेला. आईचे म्हणणे असे की पोर जेवावयास तासभर लावते, पोळी दुधात कुस्करून खाते आणि रात्री म्हाताऱ्यासारखे घोरते. कृमी आणि अग्निमांद्य या दोन्हींची औषधे आधी होऊन गेली होती. हनुवटीखाली एक जुना व्रणवस्तू दिसला. विचारल्यावर कळले की दोन वर्षांपूर्वी आळीच्या हंडीवरून तो पडला होता, हनुवटीला चार टाके पडले होते आणि आठवड्याने ते काढले होते. तेव्हा कानापुढे दुखते असे तो म्हणत असे, पण टाके सुकल्यावर त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच्या दातांत त्याचे एक बोट जेमतेम जात होते.

हनुवटीवर सरळ आघात झाला की त्याचा जोर जबड्याच्या कमानीतून वर कानापुढील दोन्ही संधींपर्यंत जातो. हनुवटीवर केवळ जखम दिसते आणि मोडते ते कानापुढचे नाजूक हाड. लहान मुलांत जबड्याच्या वाढीत याच भागाचा मोठा वाटा असतो. संधीत रक्त साकळून पुढे तेथे हाडच तयार झाले, तर खालचा जबडा कवटीशी जखडून जातो. तोंड उघडत नाही, जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, दात किडतात कारण ब्रश आत जात नाही, आणि मागे सरलेल्या जिभेमुळे झोपेत श्वास अडतो. त्या मुलाचे घोरणे हे कफाचे नव्हते. उजव्या बाजूचा संधी जुळून गेला होता. मुंबईत शस्त्रकर्म होऊन जुळलेले हाड काढावे लागले आणि त्यानंतर वर्षभर रोज व्यायाम. आज त्याची अडीच बोटे जातात. आरंभी, पडल्याच्या आठवड्यातच, हे ओळखले असते तर बहुतेक मुलांत लागतात तेवढे थोडे दिवस मऊ अन्न, थोडी विश्रांती आणि लवकर सुरू केलेली हालचाल एवढ्यावर भागले असते. हनुवटीखाली टाके पडलेले प्रत्येक मूल कानापुढे चाचपून पाहावे आणि त्याची उघडीप निदान वर्षभर, दर महिन्याला मोजावी, असा आमचा सर्व वैद्यमित्रांना आग्रह आहे.

प्रौढात उघडीप कमी असेल तर आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो सुपारी आणि गुटख्याचा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण व्यसन संपलेले नाही. सुपारीने गालाची आतील त्वचा पांढरट, कडक होऊन तोंड आखडते. दोन वर्षांपूर्वीच्या अपघाताकडे बोट दाखविणाऱ्या तरुणाच्या गालात बोट फिरवून दोरखंडासारखे पट्टे लागतात का ते पाहावे. ही अवस्था पुढे अर्बुदाकडे जाऊ शकते, म्हणून तिला अपघाताच्या नावाखाली झाकू नये.

काळा पडलेला दात आणि हिरडीवरची पुळी

श्यावदंताची संप्राप्ती सांगताना सुश्रुतांनी रक्तमिश्रित पित्ताने दात दग्ध होऊन काळा वा निळा पडतो असे म्हटले आहे. मार लागलेल्या दाताच्या पोकळीत रक्तस्राव होऊन त्यातील रंगद्रव्य दाताच्या भिंतीत मुरते, हे आजचे स्पष्टीकरण या वर्णनाच्या किती जवळ आहे! रंग बदललेला दात मेलाच असे लगेच धरू नये. अभिघातानंतर सुमारे तीन महिने दाताच्या जिवंतपणाच्या तपासण्या फसव्या असतात. पण त्यावर नजर मात्र ठेवावी लागते. पुन्हा बसविलेला किंवा जोराने हललेला दात वरून स्वस्थ दिसतो आणि आत मूळ विरघळत असते. कधी मूळ हाडाशी जखडते. वाढत्या मुलात शेजारचे दात खाली येतात आणि हा दात तेथेच राहून आखूड दिसू लागतो. आंतरराष्ट्रीय दंताभिघात संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा दातांचा पाठपुरावा निदान पाच वर्षे करावा असे सांगितले आहे. पाच वर्षे कोणता रुग्ण दंतवैद्याकडे जातो? आपल्याकडे तो सर्दीपडशासाठी का होईना, वर्षातून दोनदा येतोच. येईल तेव्हा त्याचा ओठ वर करून पाहावयास अर्धा मिनिट लागतो.

हिरडीवर तांदळाएवढी पुळी येते, फुटते, चार दिवसांनी पुन्हा येते. रुग्ण ती ‘उष्णतेची पुळी’ म्हणून दाखवितो. काही वेळा ही नाडी हिरडीत न उघडता हनुवटीच्या किंवा जबड्याच्या त्वचेवर उघडते आणि महिनोन्‌महिने त्वचारोग समजून मलमे लावली जातात. दंतनाडी ज्या दाताची असेल तो दातच काढावा आणि उपेक्षा केली तर ही गती हनुकास्थीला भेदते, असा सुश्रुतांचा स्पष्ट इशारा आहे. आज रूट कॅनॉल करून पुष्कळदा तो दात वाचविता येतो, इतकाच फरक. त्रिफळा गुग्गुळ किंवा कांचनार गुग्गुळ देऊन स्राव काही दिवस थांबतो; मूळ आतून खात राहते आणि रुग्णाला बरे वाटल्यामुळे तो दंतवैद्याकडे जाण्याचे टाळतो. अशा रुग्णास औषधाची पुडी देताना दंतवैद्याच्या नावाची चिठ्ठीही द्यावी, एरवी पुडी देऊ नये, असे आमचे मत आहे.

चिकित्सेतील आपले स्थान

पहिल्या पंधरवड्यात स्नेहन-स्वेदनाची घाई करू नये. या काळात रक्त आणि पित्त यांचे प्राधान्य असते. उष्ण उपचाराने शोथ व रक्तस्राव वाढतो. हळद-चुन्याचा लेप अखंड त्वचेवर ठीक आहे, पण हिरडीला चुना लावलेले रुग्ण आम्ही पाहिले आहेत, त्यांच्या तोंडात भाजल्याचे व्रण होते. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि शल्यविशारदांनी दिलेली जंतुघ्न औषधे बंद करावयास कोणी सांगू नये. भग्नाचा पाक होऊ नये यासाठी वैद्याने प्रयत्न करावा, कारण पाक झालेले सिरास्नायू कष्टाने भरून येतात, हे सुश्रुतांचे वचन येथे मार्गदर्शक आहे. तोंडात उघडणारे भग्न हे व्रणयुक्त भग्न होय. ज्येष्ठमधाचा गार काढा हळुवार खळखळून टाकण्यास द्यावा, पोटात दूध-तूप द्यावे.

दुसऱ्या अवस्थेत, शोथ उतरल्यावर, लाक्षा गुग्गुळाचा उपयोग होतो. लाख, अस्थिशृंखला, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ ही त्यातील द्रव्ये. अस्थिशृंखला म्हणजे आपली कांडवेल; कुंपणावर चढणारी ही वेल चौधारी कांड्यांमुळे सहज ओळखता येते. जबड्याच्या भग्नावर तिचे काही अभ्यास भारतात झाले आहेत, पण त्यांतील रुग्णसंख्या थोडी आहे. म्हणून सहा आठवड्यांचे काम तीन आठवड्यांत होईल असे आश्वासन आपण देऊ नये. दाढांच्या तारा बांधलेल्या असताना गोळ्या गिळता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. चूर्ण गाळून दुधातून किंवा क्षीरपाक करून द्यावे.

तिसरी अवस्था ही वाताची, आणि खऱ्या अर्थाने आपली. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान. झीज झालेल्या ठिकाणी वात ठाण मांडतो. थंडीत प्लेटच्या जागी ठणका, चावताना कट्‌कट् आवाज, कानशिलापर्यंत जाणारी कळ ही त्याची लक्षणे. शल्यविशारदांची संमती मिळाल्यावर हनुसंधी, गंड आणि शंख येथे कोमट तीळ तेल किंवा बला तेलाने अलगद अभ्यंग, त्यावर दहा मिनिटे मृदू नाडीस्वेद, आणि लगेच उघडण्याचा व्यायाम, या क्रमाने केल्यास लाभ दिसतो. व्यायामासाठी आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या उत्तम. जितक्या काड्यांची चळत दातांत बसते तितकी बसवावी, मिनिटभर ठेवावी, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवावी. रुग्णाला हा हिशेब आवडतो. आज सतरा, परवा अठरा. तीळ तेलाचा गंडूष हनुबल वाढवितो व दात दृढ करतो असे चरकांनी म्हटले आहे. सर्व व्रण भरल्यावर तो रोज सकाळी द्यावा. हिरड्या सैल असल्यास इरिमेदादि तेल. मशेरी लावण्याची सवय असलेल्या स्त्रियांत आधी मशेरी सोडवावी, तोवर कोणत्याही तेलाचा उपयोग नाही. अस्थिप्रदोषज विकारांत चरकांनी सांगितलेल्या तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्तीचा जीर्ण ठणक्यात विचार जरूर करावा.

नस्याविषयी मात्र विशेष खबरदारी हवी. हनुभग्नात मधुर व वातघ्न द्रव्यांनी सिद्ध घृताचे नस्य सुश्रुतांनी सांगितले आहे. परंतु वरचा जबडा किंवा नाकाचे मूळ मोडले असेल आणि नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव येत असेल, तर तो मस्तिष्काभोवतीचा द्रव असू शकतो. अशा रुग्णास नस्य देऊ नये, नाक शिंकरू देऊ नये, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात धाडावे. खालच्या जबड्याचे एकट्याचे भग्न जुळल्यावर, खालचा ओठ बधिर राहिला असेल तर क्षीरबला तेलाचे नस्य आम्ही देतो. ही बधिरता जाण्यास कित्येक महिने लागतात, कधी ती अंशतः राहतेही. अशा रुग्णाला पहिली सूचना चहाविषयी द्यावी. ओठाला उष्णता कळत नाही आणि भाजल्याचे आरशात पाहिल्यावर समजते.

आहाराविषयी लिहावे तेवढे थोडे. तारा बांधलेला रुग्ण पाहता पाहता वाळतो. दिवसातून दोन जेवणे हा हिशेब सोडून दर अडीच तासांनी काही तरी द्यावे. नाचणीची पातळ पेज तूप घालून. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मुगाचे कढण, भाताची गाळलेली पेज, दूध, ताजे गोड ताक. मांसाहारी घरांत पायाचे सूप उत्तम. सुश्रुतांनी मांसरस, दूध, तूप आणि वाटाण्याचे यूष भग्नात पथ्य म्हणून सांगितलेच आहे, तर अतिलवण, कटू, अम्ल, क्षार आणि रूक्ष अन्न अपथ्य. आगरी घरांतील झणझणीत रस्सा मात्र तोंडातल्या व्रणाला सोसत नाही, तो महिनाभर बाजूला ठेवण्यास सांगावे; घरची मंडळी हे मान्य करीत नाहीत, पण सांगावे. तारा बांधलेल्या रुग्णाजवळ तार कापण्याची पक्कड नेहमी असावी आणि उलटी झाल्यास कोणती तार कापावयाची हे घरच्यांना शल्यविशारदांकडून समजावून घ्यावयास लावावे.

कार्यक्षेत्राविषयी संभ्रम राहू नये म्हणून एवढे नमूद करतो. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेल्या अधिसूचनेत दात काढणे आणि रूट कॅनॉल ही कर्मे शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात समाविष्ट केली. ती त्या विषयातील पदव्युत्तर वैद्यांसाठी आहे. आमच्यासारख्या केवळ बी. ए. एम. एस. पदवीधरांसाठी नव्हे. आमचे काम ओळखण्याचे, पाठविण्याचे आणि परत आल्यावर सांभाळण्याचे. बदलापूरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की शासकीय दंत महाविद्यालय तेथून जवळच, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. चिठ्ठीवर केवळ ‘पुढील उपचारार्थ’ असे न लिहिता उघडीप किती बोटे, हनुवटी कोणीकडे वळते, कोणता दात हलतो हे लिहिले तर तेथे रुग्णाचा वेळ वाचतो.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. हाड किंवा दात मोडणे वा निखळणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ती तशी होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. रस्त्यावरील अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात दोन-तीन वर्षांनी रुग्ण आपल्याकडे दाखला मागावयास येतो. तेव्हा पहिल्या दिवशीची तारीख, दाताची जागा आणि उघडीपीचे माप केसपेपरवर असेल तरच तो दाखला लिहिता येतो. स्मरणावर विसंबून असा दाखला कोणी लिहू नये.

आम्ही अशा प्रत्येक रुग्णाला एक पुठ्ठ्याचे कार्ड देतो. त्यावर तारीख, बोटांचे माप, मार लागलेल्या दातांचा रंग आणि वजन एवढेच चार रकाने असतात. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, पुढे वर्षभर दर महिन्याला आणि त्यानंतर वर्षातून एकदा ते भरावयाचे. वर्षाची तारीख रुग्णाच्या लक्षात राहत नाही, म्हणून गोविंदा मुलांच्या कार्डावर आम्ही तारीख घालतच नाही. ‘नागपंचमीला दाखवून जाणे’ असे लिहितो. गोपाळकाल्याच्या सरावाची गडबड तेव्हा आळीत सुरू असते, आणि पोरे आठवणीने येतात.